बेवारस मय्यत आणि एक कॅमेरा : छायाचित्रकार सुनील जाना

१९४३ च्या पावसाळ्यानंतरच्या कलकत्त्यात रस्त्यावरची प्रेते उचलणाऱ्या संस्थांमध्ये दोन नावे ठळक होती. एक हिंदू सत्कार समिती आणि दुसरी अंजुमन मुफीदुल इस्लाम. एक दहन करी, दुसरी दफन. मेलेला माणूस खेड्यातून चालत आलेला असे. जवळ ओळख सांगणारे कोणी नसे, कागद नसे, आणि अंगावर असली तर एक चिंधी. तरीही तो अग्नीचा की मातीचा हे कोणाला तरी ठरवावे लागे. पुरुषाच्या बाबतीत ते कदाचित शरीरावरून ठरत असेल. पण स्त्रिया? दोन-चार वर्षांच्या मुली? त्या काळाविषयी वाचताना माझे मन नेहमी या ठिकाणी अडते. कफन-दफनाची फिकीर करणाऱ्या त्या लोकांविषयी मला आदर आहे. बेवारस मय्यतीला मातीआड करणे हे आपल्याकडे मोठ्या सवाबाचे काम मानतात, आणि ते काम त्यांनी अशा दिवसांत केले जेव्हा ती मोजण्याचीही कोणाला फुरसत नव्हती. पण भुकेने मेलेल्यांचीही अशी वाटणी करावी लागली, हे त्या वर्षाचे चित्र आहे.

त्याच दिवसांत पंचवीस वर्षांचा एक बंगाली तरुण कॅमेरा घेऊन त्या मुलखात फिरत होता. त्याला ही वाटणी करायची नव्हती. त्याच्या फोटोंत उघड्यावर पडलेल्या कवट्या आहेत, पांगलेली हाडे आहेत, मुलाला छातीशी धरून बसलेल्या आया आहेत, लंगरासमोर ताटकळलेली मुले आहेत. त्यांतले हिंदू कोण आणि मुसलमान कोण, हे फोटो सांगत नाही. त्याचे नाव सुनील जाना.

जाना यांचा जन्म १७ एप्रिल १९१८ रोजी आसामातील दिब्रूगढ येथे झाला. वाढले मात्र ते कलकत्त्यात. सेंट झेवियर्स आणि प्रेसिडेन्सी या कॉलेजांत शिकले, इंग्रजी साहित्य हा त्यांचा विषय. डोळे अधू होते, आणि अशा माणसाने आयुष्यभर डोळ्यांचेच काम केले. विद्यार्थी असताना ते डाव्या चळवळीत ओढले गेले. फोटो काढणे हा तेव्हा छंद होता. १९४३ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी कलकत्त्यात आले. दुष्काळी भाग स्वतः पाहून त्यावर लिहायचे त्यांनी ठरवले होते. त्यांनी या तरुणाला अभ्यास सोडून बरोबर चलण्याची गळ घातली. दुसरा साथीदार होता चित्रकार चित्तप्रसाद. एकाने लिहावे, एकाने रेखाटावे, एकाने फोटो काढावेत, अशी ती योजना. एम.ए.ची पदवी राहिली ती राहिलीच.

त्या फोटोंची गरज काय होती हे कळण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्या वर्षी बंगालमध्ये सरकारच्या लेखी दुष्काळ नव्हताच. इंग्रजांच्या राज्यात 'फॅमिन कोड' नावाची नियमावली होती. दुष्काळ जाहीर झाला की मदतकामे काढणे, अन्न पुरवणे ही सरकारची जबाबदारी ठरे. म्हणून तो जाहीरच केला नाही. युद्ध सुरू होते, जपानी फौजा ब्रह्मदेशात येऊन ठेपल्या होत्या, आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. अशा वेळी कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' या इंग्रजांच्याच दैनिकाचे संपादक इयन स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावरच्या भुकेल्यांचे आणि मृतांचे फोटो छापले. शब्दांवर बंधने होती, फोटोंचा मात्र नियमांत कोणी विचार केलेला नव्हता. दिल्लीत आणि लंडनमध्ये खळबळ झाली ती त्यानंतर. जो शब्द उच्चारायची बंदी होती तो फोटोने उच्चारला.

'स्टेट्समन'चे फोटो शहरातले होते. जोशी, चित्तप्रसाद आणि जाना खेड्यांत गेले. ज्या मेदिनीपूर जिल्ह्यात ते हिंडले तिथे आदल्या वर्षी, १६ ऑक्टोबर १९४२ रोजी, मोठे वादळ होऊन समुद्र आत शिरला होता. उभे पीक, गुरे, घरे, सगळे गेले होते. त्याआधी जपानी येतील या धास्तीने सरकारने किनारपट्टीवरच्या हजारो नावा जप्त केल्या किंवा मोडल्या होत्या. पूर्व बंगालमध्ये नाव म्हणजे बैलगाडी, नांगर आणि दुकान सगळे एकच. नाव गेली की मासेमारी गेली, धान्याची ने-आण गेली, बाजार गेला. आपल्या कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला होता, फौजेसाठी आणि कलकत्त्यातल्या कारखान्यांसाठी खरेदी चालली होती, व्यापारी माल दाबून बसले होते. दीड वर्षात तांदळाचा भाव चार-पाच पट झाला आणि शेतमजुराची मजुरी जवळजवळ होती तिथेच राहिली. शांतिनिकेतनात हे सारे लहानपणी पाहिलेल्या अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवले की धान्य अगदीच नव्हते म्हणून लोक मेले नाहीत, ते विकत घेण्याची ताकद त्यांच्यात राहिली नाही म्हणून मेले. आधी मेले ते शेतमजूर, कोळी, नावाडी, साळी कांडून पोट भरणाऱ्या बायका. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा पंधरा लाखांच्या आसपास धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो एकवीस ते तीस लाखांपर्यंत नेला. यांतले कितीतरी १९४४ मध्ये मलेरिया, कॉलरा आणि देवीने गेले, तोवर दुष्काळ संपल्याचे बोलले जाऊ लागले होते.

इथे आपल्याला थोडे कडू वाटेल असेही लिहिले पाहिजे. एप्रिल १९४३ पासून बंगालमध्ये मुस्लिम लीगचे मंत्रिमंडळ होते. ख्वाजा नझिमुद्दीन मुख्यमंत्री आणि अन्नपुरवठा शहीद सुहरावर्दी यांच्याकडे. सरकारी तांदूळ खरेदीचे काम इस्पहानींच्या कंपनीकडे गेले होते, आणि इस्पहानी लीगचे मोठे आधारस्तंभ. हिंदू महासभेने यावर रान उठवले, लीगने हिंदू साठेबाजांकडे बोट दाखवले. दोघांच्याही भांडणात दिल्ली आणि लंडन नामानिराळे राहिले. मरणारा मोठ्या संख्येने पूर्व बंगालचा गरीब मुसलमान होता आणि त्याच्या बरोबरीने नमशूद्र होता. मुसलमानांचे सरकार म्हणवणाऱ्यांच्या राजवटीत मुसलमान कुळे आणि मजूर भुकेने मेले. सत्तेची खरी सूत्रे गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या हाती होती हे खरेच, पण तेवढे सांगून लीगच्या मंत्र्यांना सोडून देता येत नाही.

आणि जाना यांच्या पक्षालाही नाही. हिटलरने रशियावर हल्ला केल्यापासून कम्युनिस्टांच्या लेखी हे युद्ध 'लोकयुद्ध' झाले होते. १९४२ मध्ये पक्षावरची बंदी उठली, 'पीपल्स वॉर' हे साप्ताहिक मुंबईहून निघू लागले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या लढ्यापासून पक्ष दूर राहिला. त्यामुळे दुष्काळाविषयी लिहिताना त्यांचा भर साठेबाजांवर, लोकांच्या एकजुटीवर आणि राष्ट्रीय सरकारच्या मागणीवर राही, युद्धाच्या खर्चावर तितका नाही. जोशींचे लिखाण कळकळीचे आहे, त्यात शंका नाही. पण फोटोखालचा मजकूर आणि फोटो यांत अंतर पडलेले मला दिसते. मजकुराला पक्षाची भूमिका होती. फोटोला नव्हती. आज त्या मजकुरावर वाद घालता येतो, फोटो आहे तिथे आहे. चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूरच्या भटकंतीवर 'हंग्री बेंगॉल' नावाचे सचित्र पुस्तक केले तेव्हा सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. म्हणजे मजकूर कितीही सांभाळून लिहिला तरी चित्रे काय सांगतात ते सरकारला बरोबर कळत होते.

दुष्काळाचे फोटो हिंदुस्थानात पहिल्यांदा काढले जात होते असे नाही. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात, ज्याची झळ आपल्या सोलापूर-अहमदनगरकडेही पोचली होती, मद्रास इलाख्यात विलोबी हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने भुकेल्यांचे गट नीट बसवून फोटो काढले. हाडांचे सापळे रांगेत मांडल्यासारखे. हाच हूपर पुढे १८८६ मध्ये मंडालेत फाशीच्या किंवा गोळी घालण्याच्या क्षणाचे फोटो टिपण्याच्या नादात चौकशीत सापडला. त्याचे ते फोटो आज कित्येकदा १९४३ च्या बंगालचे म्हणून छापले जातात. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. हूपरची माणसे नमुना म्हणून बसवलेली आहेत. जाना यांची माणसे आपापल्या कामात आहेत, मग ते काम नुसते वाट पाहण्याचे का असेना. कॅमेरा बऱ्याचदा खालून धरलेला असतो, त्यामुळे जमिनीवर बसलेला माणूसही आपल्यापेक्षा खुजा दिसत नाही. अर्थात मरणाऱ्यासमोर कॅमेरा धरावा की त्याला पाणी द्यावे, हा प्रश्न यामुळे मिटत नाही. हूपरला तो विचारला गेला, जाना यांनाही विचारता येतो. माझ्यापुरते उत्तर इतकेच आहे की एकाने फोटो संग्रहासाठी काढले आणि दुसऱ्याचे फोटो मदतीची हाक देणाऱ्या पत्रात छापले गेले.

त्या हाकेला मुंबईने जे उत्तर दिले त्यात आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे. पक्षाचे मुख्यालय तेव्हा गिरगावाजवळ सँडहर्स्ट रोडला होते आणि दुष्काळानंतर जानाही मुंबईला येऊन तिथल्या कम्यूनमध्ये राहू लागले. एकत्र खाणे, एकत्र राहणे, हातखर्चापुरते पैसे. 'पीपल्स वॉर'ची उर्दू आवृत्ती 'कौमी जंग' सज्जाद जहीर चालवत. अली सरदार जाफरी, कैफी आझमी यांची ऊठबस याच वर्तुळात. मराठी आवृत्ती 'लोकयुद्ध'. वामिक जौनपुरी यांची 'भूका है बंगाल' ही नज्म इप्टाच्या पथकांनी गावोगाव पोचवली आणि तिने पैसे, दागिने, धान्य गोळा केले. अण्णा भाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. त्यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात उभे होते बार्शीचे अमर शेख, ज्यांचा आवाज ऐकलेली माणसे आमच्या लहानपणी अजून होती. ख्वाजा अहमद अब्बास यांनी याच दुष्काळावर इप्टासाठी 'धरती के लाल' केला, तो १९४६ मध्ये आला. आणि तिकडे कलकत्त्यात झैनुल आबेदीन नावाचे तरुण कलाशिक्षक स्वस्त कागदावर काळ्या शाईने मरणाऱ्यांची रेखाटने करत होते. पुढे ढाक्यात त्यांनी कलाशाळा उभी केली आणि बांगलादेश त्यांना आपल्या चित्रकलेचा जनक मानतो.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. परळच्या गिरणीतला माणूस बंगालला कधी गेला नव्हता. त्याने तो दुष्काळ पोवाड्यात ऐकला, नज्मेत ऐकला, पण पोवाड्याला अतिशयोक्तीची मुभा असते हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. फोटो समोर आला की ती पळवाट बंद होते. शाहिराच्या शब्दाला शाहिद मिळाला, असे म्हणू या. शाहिद म्हणजे साक्षीदार, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

मुंबईच्या त्या चार-पाच वर्षांत जाना देशभर फिरले. किसानांचे मेळावे, गिरणी कामगार, मलबारच्या शेतमजूर बाया, संप, सभा. गांधी, नेहरू, जीना, शेख अब्दुल्ला यांचे त्यांनी काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत. अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट हिंदुस्थानात आल्या तेव्हा दक्षिणेतल्या दुष्काळी भागात हे दोघे बरोबर हिंडले. ती जगातल्या सर्वांत श्रीमंत साप्ताहिकांपैकी एकाची फोटोग्राफर, हा पक्षाच्या हातखर्चावर जगणारा. मैत्री मात्र बरोबरीची झाली. ऑगस्ट १९४६ मधली कलकत्त्याची कत्तल आणि नंतरचे निर्वासित, हेही त्यांच्या कॅमेऱ्यासमोरून गेले. ज्या शहरात तीन वर्षांपूर्वी भुकेची प्रेते धर्म पाहून उचलली गेली, तिथे आता धर्म पाहून प्रेते पाडली जात होती.

१९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात पक्षाने दिशा बदलली. जोशी गेले, बी. टी. रणदिवे आले. जोशींचा माणूस म्हणून जानाही बाजूला पडले. पक्षाने घडवलेला हा फोटोग्राफर तिशीत पक्षाविना झाला. ते कलकत्त्याला परतले, स्टुडिओ टाकला, पोटासाठी मिळेल ते काम केले. सत्यजित राय आणि मंडळींनी १९४७ मध्ये काढलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीत ते होतेच. १९४९ मध्ये त्यांच्या फोटोंचे 'द सेकंड क्रीचर' हे पुस्तक निघाले त्याची मांडणी राय यांनी केली. पुढची काही दशके पोलादाचे कारखाने, धरणे, देवळे, नृत्य आणि मुख्य म्हणजे आदिवासी, यांत गेली. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर त्यांनी आदिवासी मुलखात काम केले. ते सगळे 'द ट्रायबल्स ऑफ इंडिया' या १९९३ च्या पुस्तकात आहे. ही छायाचित्रे देखणी आहेत. मला थोडी जास्तच देखणी वाटतात. सुडौल खांदे, हसरे चेहरे, डोक्यावर आभाळ. याच माणसांची जंगले त्याच वर्षांत धरणाखाली आणि खाणींखाली जात होती, आणि त्या धरणांचे, कारखान्यांचे फोटोही जाना यांनीच काढले. नेहरूंच्या काळातल्या पुष्कळांप्रमाणे त्यांनाही या दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवाव्यात असे वाटले नसावे. १९४३ चा डोळा तिथे मला सापडत नाही.

१९८० च्या सुमारास ते लंडनला गेले, म्हातारपणी अमेरिकेत बर्कलीला. इथे लोक त्यांना विसरले. पाठ्यपुस्तकांत, लेखांत फोटो छापले जात, पण खाली नाव असेलच असे नाही. १९९८ मध्ये छायाचित्रकार राम रहमान यांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा नवी पिढी जागी झाली. २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाला आणि त्याच वर्षी २१ जूनला वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले. 'फोटोग्राफिंग इंडिया' हे त्यांचे पुस्तक निघाले ते २०१३ मध्ये.

माझ्या आजोबांचा एकच फोटो घरात आहे. ते जहाजावर नोकरीला होते आणि नोकरीच्या दाखल्यावर फोटो लागत असे म्हणून तो काढला गेला. घरात तसबीर लावण्याची रीत नव्हती, आजीला तर ते अजिबात मंजूर नव्हते, आणि तिचा एकही फोटो नाही. पण त्या दाखल्यावर आजोबांचे नाव आहे, गाव आहे, बापाचे नाव आहे, उजव्या हातावरच्या व्रणाची नोंदही आहे. सरकारला माणूस हवा असला की ते त्याची इतकी ओळख नोंदवून ठेवते. जाना यांच्या पुस्तकात नेत्यांच्या फोटोखाली नावे आहेत. भुकेल्यांच्या फोटोखाली बहुधा गाव किंवा जिल्हा आणि साल. याचा दोष एकट्या जाना यांना देववत नाही. त्या माणसांपैकी किती जणांच्या अंगात नाव सांगण्याइतके त्राण असेल कोण जाणे, आणि सांगितले असते तरी चालत्या मोहिमेत ते लिहून घ्यायला सवड कुठे होती. तरीही प्रत्येक वेळी पान उलटताना हात थांबतो.

लंगरासमोर ओळीने बसलेली अनाथ मुले असलेला एक फोटो आहे. मला त्यांतले अंजुमनच्या वाटचे कोण आणि सत्कार समितीच्या वाटचे कोण, हे शोधायची सवय लागली होती. गळ्यात ताईत आहे का, मनगटात दोरा आहे का, केस कसे कापलेत. पुष्कळदा पाहिले. काही कळत नाही. खाली लिहिले आहे, बंगाल, आणि साल.